गिरिजाच्या कोकोची तपेली

मी एक जुनी पितळी तपेली आहे, मित्रांनो, आणि माझ्या आत डोकावलंत तर तुम्हाला तुमचा चेहरा दिसेल, इतकी मी आतून चकचकीत आहे. परतूरला रेल्वे स्टेशनाच्या मागच्या अंगाला एक दोन खोल्यांचं घर आहे, तिथल्या फळीवर मी बसलेली असते. येणारे-जाणारे पाहुणे म्हणतात, "काय जपलीय हो तपेली!" मी मुकाट्याने ऐकून घेते. खरं सांगू, मला आता या कौतुकाचा वीट आला आहे. ज्या दिवसांत माझ्या आत कुणीतरी बघायला हवं होतं, त्या दिवसांत कुणी बघितलं नाही. ते का बघितलं नाही आणि त्याचं काय झालं, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म जालन्याचा. मस्तगडात एका कारागिराच्या दुकानात पितळेच्या पत्र्यावर ठोके पडले आणि माझं पोट गोल झालं, काठ वळला. तीन पेले दूध मावेल एवढीच मी, पण बांधा काय होता माझा! मोठमोठ्या घागरी आणि पराती शेजारी मांडलेल्या असताना गिऱ्हाईक आधी मलाच उचलून बघायचं. १९८१ च्या उन्हाळ्यात जाफराबादकडच्या झुंबरबाई लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या. बाई विधवा होत्या. परात घेतली, घागर घेतली, आणि निघता निघता मागे वळून मलाही घेतलं. नाव घालणाऱ्याने माझ्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं कोरली: 'चि. सौ. कां. गिरिजा हिस आईकडून.' त्या दिवसापासून मी गिरिजाची झाले.

त्याच गल्लीच्या तोंडाशी लालमियाँ चाचांची भट्टी होती. ते कल्हईवाले. त्यांनी मला निखाऱ्यांवर धरून लालबुंद होईपर्यंत तापवलं, आत नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर निघाला, मग कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन सगळीकडे पसरवली. बघता बघता मी आतून चांदीची झाले. मला झुंबरबाईंच्या हातात देताना चाचा म्हणाले, "बाई, बाहेरून चिंच लावा, राख लावा, कुछ भी लावा. आतून मात्र नुस्तं पाणी अन् मऊ कपडा. आतली कलई घासली की गेली. अन् कलई गेली की पितळेत दूध कळकतं. कळकलेलं पोटात गेलं की माणूस वकतं, बेजार होतं. दर तीन महिन्याला मी परतूरला येतो. पोरीला सांगा, बराबर माझ्याकडं आणायचं."

गिरिजाने हे शब्द लक्षात ठेवले. तिचा नवरा कारभारी परतूरच्या मोंढ्यात तोलारी होता, म्हणजे व्यापाऱ्यांकडे आलेलं धान्य आणि कापूस काट्यावर तोलून द्यायचा. घरात तो, गिरिजा आणि सासू सगुणाबाई. सगुणाबाईंचं तोंड जरा फटकळ, पण सुनेवर जीव असा की शेजारच्या बायकांना ते बघवायचं नाही. गिरिजा त्यांना आत्या म्हणायची. घरातली बाकीची भांडी कुणीही घासो, मला मात्र गिरिजाच धुवायची, तळहाताने, हळुवार. आणि लालमियाँ चाचा आले की मला पदराखाली झाकून त्यांच्या भट्टीवर नेऊन द्यायची.

लग्नाला दहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. मग गिरिजाला धाप लागायला लागली. हंडा उचलला की धाप, दोन पायऱ्या चढली की धाप. १९९२ च्या सुरुवातीला कारभारीने तिला औरंगाबादला दाखवलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. ऑपरेशन केलं तर बाई वाचेल, पण तिच्या अंगात ऑपरेशन सोसायची ताकद नाही, असं डॉक्टर म्हणाले. वजन होतं चौतीस किलो. ते बेचाळीस झाल्यावर या, म्हणाले. चहा बंद, रोज दोनदा दूध पोटात गेलं पाहिजे. घरी आल्यावर कारभारीने खडूने दारामागे लिहिलं, 'बेचाळीस'. या घराला तेव्हापासून दुसरा काही नवसच उरला नाही.

अडचण एवढीच होती की गिरिजाला दुधाचा वास सहन होत नसे. पेला तोंडाशी नेला की उमासा यायचा. दवाखान्यात असताना एका वयस्क नर्सने तिला थर्मासमधला कोको पाजला होता, तो मात्र ती गटागटा प्यायली होती. नर्सबाईंनी कारभारीला कागदावर लिहून दिलं: साखर न घातलेली कोकोची पूड आणा, बाजारातली गोड पूड नको, घरीच करा. कारभारी औरंगाबादहून एक डबा घेऊन आला. सगुणाबाईंनी चमच्याच्या टोकावर पूड घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर कडू जहर दिसून राह्यलं. ह्यानं माणूस बरं होतं व्हय?"

आणि मग सुरू झाली आमची खटपट. पहिल्या दिवशी बाईंनी उकळत्या दुधात गूळ टाकला आणि दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी पुडीच्या गुठळ्या माझ्या पोटात बेडकाच्या पिलांसारख्या तरंगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सुंठ इतकी पडली की गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोघी सासूसुना हसून हसून बेजार झाल्या. मग बाईंनी डोकं चालवलं. बाळंतिणीला देतात ती खारीक आणली, बिया काढून उन्हात कडक वाळवली, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केली. त्या पुडीने दूध फाटलं नाही, गोडी आली आणि दाटपणाही आला.

तुम्हाला म्हणून रीत सांगते. आधी एका वाटीत चमचाभर कोको कोमट पाण्यात कालवायचा, मेणासारखा होईपर्यंत. माझ्यात दोन पेले म्हशीचं दूध आणि अर्धा पेला पाणी. वाफ धरली की कोकोचं कालवण सोडायचं, दोन चमचे खारकेची पूड, सहाणेवर जायफळाचे दोनच वळसे, नखाएवढी सुंठ. एक उकळी आली की खाली उतरवून रवीने घुसळायचं, वर तांबूस फेस येईपर्यंत. घरभर असा वास सुटायचा की स्टेशनावर जाणारी माणसं दाराशी घुटमळायची. गिरिजा फेस ओठांना लावून घ्यायची, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची आणि म्हणायची, "चांगलं झालंय, आत्या."

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. सगुणाबाई तो कोको कधी चाखत नसत. त्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक देवाला दाखवल्याशिवाय कुणी जिभेवर ठेवत नसे. बाईंनी गिरिजाच्या पेल्यालाही तोच नियम लावला होता. कारभारी एकदा म्हणाला, "माय, गोड झालं का बघ तरी." तर त्याच्यावर डाफरल्या, "हे तिच्या जिवासाठी हाये. त्याला मी उष्टं करू व्हय?" उरलेलं थेंबभरसुद्धा त्या बोटाला लावत नसत. मायाच ती. मायेलाही कधीकधी चव घेऊन बघायला हवी, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

दर रविवारी मोंढा बंद असला की कारभारी गिरिजाला सायकलवर मागे बसवून मोंढ्यात न्यायचा आणि ज्या काट्यावर तो आठवडाभर पोती तोलायचा, त्यावर तिला उभी करायचा. परत आला की दारामागे खडूने आकडा लिहायचा. पस्तीस, साडेपस्तीस, पावसाळ्यात पुन्हा पस्तीस, मग सदतीस. मी चुलीवरून तो आकडा बघायची आणि मनात म्हणायची, हे माझ्या पोटातून गेलेलं आहे. १९९३ च्या दिवाळीत आकडा झाला चाळीस. सगुणाबाईंनी त्या दिवशी लालमियाँ चाचांना दोन लाडू जास्तीचे दिले. चाचांनी मला कल्हई केली आणि पाण्यात बुडवलं, तसं मी चुर्र केलं. जाताना ते खोकत होते. "भाभी, अब दो किलो बाकी," असं हसत म्हणाले. मला तेव्हा माहीत नव्हतं, चाचांची आणि माझी ती शेवटची भेट होती.

त्यानंतर तीन महिने झाले, चाचा आले नाहीत. चार झाले. स्टीलची भांडी घरोघर आली होती, कल्हईला कोण विचारतो? चाचा मस्तगडात अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचा मुलगा अलीम लोखंडाच्या कारखान्यात जायला लागला होता. कारभारीने एक स्टीलचं पातेलं आणलं. सगुणाबाईंनी त्यात एकदा दूध तापवलं, ते तळाला लागलं, तसं त्यांनी पातेलं बाजूला केलं. "तिच्या मायनं दिलेली तपेली हाये. ह्याच तपेलीनं तिला चाळीसवर नेलं," त्या म्हणाल्या. हे ऐकून मी फुगले होते. आज ते आठवलं तरी मला लाज वाटते.

त्याच हिवाळ्यात सगुणाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गावात डोळ्यांचं शिबिर आलं होतं. कारभारी नाव द्यायला निघाला तर त्यांनी त्याचा हात धरला. "डोळ्याला पट्टी बांधली की पंधरा दिवस चुलीपाशी बसू देणार न्हाईत. तिचं कोण करंल? बेचाळीस होऊ दे, मंग माझ्या डोळ्याचं बघू." शिबिर आलं तसं गेलं. बाईंना चुलीचा जाळ दिसायचा, माणसाचा आकार दिसायचा, पण माझा तळ दिसायचा नाही.

आणि गिरिजाला आता मोरीत बसून भांडं धुवायचीही ताकद राहिली नव्हती. मला सगुणाबाई धुवायला लागल्या. कोकोचा तांबूस थर माझ्या तळाला बसायचा. तो निघाला की नाही हे डोळ्यांना कळेना, म्हणून त्या हाताने जोर लावायच्या. आजारी माणसाचं भांडं, त्यात जरासुद्धा घाण राहता कामा नये, या धास्तीने राख घेतली, चिंच घेतली, काथ्या घेतला आणि मला आतून खसाखसा घासलं. रोज, दोनदा. चाचांचे शब्द झुंबरबाईंनी ऐकले होते, गिरिजाने पाळले होते. सगुणाबाईंना ते कुणी सांगितलेच नव्हते, कारण सांगायची वेळच कधी आली नव्हती; आणि गिरिजा आता अंथरुणावर पडून असायची, मोरीत मला कशाने घासतात ते तिला दिसत नसे.

माझी चांदी निघत गेली. आधी तळाला रुपयाएवढा पिवळा डाग पडला, मग तळहाताएवढा. होळीपर्यंत मी आतून उघडी पितळ झाले. मित्रांनो, मला तोंड आहे, काठ आहे, गळा आहे, पण आवाज नाही. गिरिजाला आता एका दमात पिणं होत नसे. उरलेला कोको माझ्यातच झाकून ठेवायचा, दुपारी पुन्हा गरम करायचा. तासन् तास तो माझ्या उघड्या अंगाला लागून राहायचा आणि कळकायचा. मला ते कळत होतं. ज्या पोरीसाठी मला विकत घेतलं, तिच्याच पेल्यात मी रोज थोडं थोडं विष कालवत होते.

गिरिजाला मळमळायला लागलं. प्यायली की तासाभराने ओकून टाकायची. पेला तोंडाशी नेताना क्षणभर थांबायची, मग डोळे मिटून प्यायची. सगुणाबाई समोर बसून विचारायच्या, "कसं झालंय गं?" आणि ती म्हणायची, "चांगलं झालंय, आत्या." फक्त एकदा, बाई अंगणात गेल्या असताना, ती कारभारीला म्हणाली, "तोंडाला पितळी चव येऊन राह्यली. काहीच गोड लागंना."

कारभारी तेव्हा दारामागचा आकडा पुसत होता. म्हणाला, "गोळ्यांचं असंल ते. इतक्या गोळ्या खाऊन राह्यलीस."

"तसंच असंल," ती म्हणाली. "माझ्याच जिभेला खोट हाये. आत्यांना नका सांगू, जिवाला लावून घेतील."

चैत्रात एकोणचाळीस, वैशाखात सदतीस. ओकारीने दूध टिकत नव्हतं, गोळ्याही टिकत नव्हत्या. सगुणाबाईंनी दोन वेळचा कोको तीन वेळचा केला, तीनचा चार. जितकी ती ओकायची, तितका त्या जास्त करायच्या, आणि जितका जास्त करायच्या तितकी मला जास्त घासायच्या. आषाढात कारभारीने काट्यावर नेणं बंद केलं. शेवटचा लिहिलेला आकडा होता तेहतीस. श्रावणातल्या एका सकाळी, पेला अर्धा भरलेला असताना, गिरिजा गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं असतं तर बरं झालं असतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई नेहमीच्या वेळेला चुलीपाशी आल्या. हाताला वळण पडलं होतं. दूध ठेवलं, डब्यात तळाशी उरलेली पूड कालवली, खारीक घातली, जायफळाचे दोन वळसे दिले, घुसळून पेला भरला आणि "गिरजे" म्हणून हाक मारली. मग त्यांच्या लक्षात आलं. बराच वेळ त्या पेला हातात धरून बसल्या. टाकून द्यायला जीव होईना. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो कोको आपल्या तोंडाला लावला.

एकच घोट घेतला आणि त्या थांबल्या. त्यांनी बोट माझ्या आत घालून जिभेला लावलं. पुन्हा घातलं, पुन्हा लावलं. जुन्या काळची बाई ती, कळकलेल्याची चव तिला कुणी शिकवायला नको होती. मला वाटलं आता मला अंगणात भिरकावतील. मी वाट बघत होते, मला तेच हवं होतं. पण त्या तो पेला पूर्ण प्यायल्या. मग माझ्यात उरलेला ओतून घेऊन तोही प्यायल्या. नंतर मोरीत बसून त्या कितीतरी वेळ ओकत होत्या.

कारभारी मोंढ्यातून धावत आला. "माय, काय झालं? काय खाल्लंस?"

सगुणाबाईंनी तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्याच्या अंदाजाने मान वर केली आणि विचारलं, "कारभारी, ती कधी काही बोलली होती का रे? चवीचं?"

मी कारभारीकडे बघत होते. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा पिवळा तळ त्याला दिसला, आणि त्याला ते सगळं आठवलं, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं. तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "न्हाई, माय. कधीच न्हाई बोलली."

"खरं सांगून राह्यला ना?"

"तुझी शपथ."

बाईंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर दोघांनी एकमेकांना त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एका घरात राहतात, एका ताटलीतली भाकरी मोडून खातात, आणि दोघेही माझ्याकडे पाठ करून बसतात.

वर्षभराने अलीम आला. वडील वारल्याचं सांगायला तो जुन्या गिऱ्हाइकांकडे फिरत होता. त्याने सहज मला उचललं, आत बघितलं आणि म्हणाला, "काकू, ह्यात कलई कुठं हाये? सगळी पितळ उघडी पडली. ह्यात दूध-बिध तापवत न्हाई ना?"

"आता न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "करून दे कलई. तुझ्या बापासारखी कर."

अलीमने मला मस्तगडात नेलं आणि वडिलांची भट्टी शेवटची पेटवली ती माझ्यासाठी. नवसागराचा तोच पांढरा धूर निघाला, तीच कथलाची कांडी फिरली, तसंच चुर्र झालं. मी पुन्हा चांदीची झाले. त्याच हिवाळ्यात सगुणाबाईंनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. माझ्या गळ्यावरची ठिपक्यांची अक्षरं दिसतात, दारामागचं न पुसलेलं तेहतीस दिसतं. रोज सकाळी त्या मला खाली काढतात, मऊ कपड्याने आतून पुसतात, तळहाताने, हळुवार, गिरिजा पुसायची तशी, आणि परत फळीवर ठेवतात. त्यांनी माझ्यात पुन्हा कधी दूध तापवलं नाही. माझी कल्हई आता कधीच उडणार नाही, मित्रांनो, कारण माझा कुणाला काही उपयोग नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं भांडं असेल तर त्याला कल्हई लावून घ्या, कल्हईवाला मिळत नसेल तर त्याला खुशाल फळीवर बसू द्या. आणि आपल्या माणसाला काही करून घालाल, तेव्हा आधी एक घोट स्वतः घ्या. उष्टं होईल म्हणून थांबू नका. समोरचं माणूस 'चांगलं झालंय' म्हणत राहील. गिरिजा शेवटच्या सकाळीही तेच म्हणाली होती.